सह्याद्री : पठाराची तुटलेली कड

कार्ल्याची लेणी पाहताना आमच्या मुलाने विचारले, "हा डोंगर कोणी रचला?" आम्ही कला शाखेचे पदवीधर, पोटापाण्यासाठी बँकेत कारकुनी करणारे. दगडाचे शास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती आले, ते विद्यार्थी मित्रांसाठी येथे मांडत आहोत.

रांग की कड?

तापीच्या दक्षिणेपासून कन्याकुमारीपर्यंत सह्याद्री सुमारे १६०० किलोमीटर पसरला आहे. सर्वांत उंच शिखर केरळातील अनाईमुडी (२६९५ मीटर), तर महाराष्ट्रातील कळसूबाई (१६४६ मीटर). कोकणातून तो उभ्या भिंतीसारखा दिसतो. घाट चढून वर आल्यावर मात्र पलीकडे तशी भिंत उतरत नाही. जमीन हळूहळू पूर्वेकडे कलत जाते. हिमालयाप्रमाणे घड्या पडून हा पर्वत उंचावलेला नाही. ही दख्खनच्या पठाराची पश्चिमेकडील तुटलेली कड आहे. म्हणूनच त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी अरबी समुद्र जवळ असूनही त्याकडे पाठ फिरवते आणि १४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते.

दगडाची खातेवही

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथे जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला. एकदा नव्हे, अनेकदा. एक थर थिजला की त्यावर दुसरा. बँकेत जुन्या खातेवह्या एकावर एक रचाव्यात तसे हे थर आहेत. सर्वांत जुना तळाशी. काही थर एकसंध व कठीण, काही सच्छिद्र व ठिसूळ. दोन थरांमध्ये कोठे कोठे लाल मातीचा पट्टा दिसतो. दोन उद्रेकांमधील काळात खडक झिजल्याची ती खूण. ठिसूळ थर लवकर झिजतो, कठीण थर टिकतो. त्यामुळे डोंगराला पायऱ्या पडतात. 'डेक्कन ट्रॅप' या नावातील 'ट्रॅप' शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. गोव्याच्या दक्षिणेस मात्र याहून कितीतरी प्राचीन खडक लागतात.

पुढे भारतीय भूखंडाची पश्चिम बाजू तुटली आणि पावसाने, ओढ्यांनी ही कड कोरत कोरत पूर्वेकडे मागे सारली. तेच काम आजही चालू आहे. हीच कड पावसाळी ढगांना अडवते. महाबळेश्वरी वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुका दुष्काळी राहतो.

लेणी कोरणाऱ्यांचे ज्ञान

भाजे, कार्ले, बेडसे, जुन्नर येथील लेणी दोन हजार वर्षांच्या आसपास जुनी आहेत. ती बोरघाट, नाणेघाट अशा व्यापारी वाटांजवळ आहेत, हा योगायोग नव्हे. भिक्खूंना वर्षावासासाठी निवारा हवा होता आणि दान देणारे व्यापारी त्याच वाटेने जात. पण दगडाची पारख नसती तर कार्ल्याचे भव्य चैत्यगृह उभे राहिलेच नसते. जाड, एकसंध थर हेरून वरून खाली कोरत येणारे ते कारागीर कोणत्याही विद्यापीठात गेले नव्हते. लेण्यांलगत कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांना शिलालेखांत 'पोढी' म्हटले आहे.

आज हे कशासाठी शिकायचे?

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली. २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळिये, २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी. तीव्र उतारावर कठीण खडकावर सुटी माती असते. अतिवृष्टीत ती पाणी पिऊन जड होते, तिची पकड सुटते आणि उतार खाली येतो. झाडे तोडली, उतार वेडेवाकडे कापले, की धोका वाढतो. यात सर्वप्रथम मरतो तो डोंगराच्या कुशीत राहणारा गरीब माणूस.

जमिनीला नव्या भेगा पडणे, झाडे किंवा खांब कलणे, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे वा आटणे, दारे-खिडक्या घट्ट बसणे, ही डोंगर हलू लागल्याची लक्षणे होत. ती दिसताच सामान आवरत बसू नये. मुलाबाळांसह घर सोडावे व तहसील कार्यालयास कळवावे.

आमच्या मुलाला आम्ही उत्तर दिले, "हा डोंगर अग्नीने रचला आणि पाणी तो अजून कोरते आहे." ज्यांचे नातेवाईक घाटाखालच्या वाड्या-वस्त्यांत राहतात, त्यांनी निदान वरची लक्षणे तेवढी यंदाच्या पावसाळ्यापूर्वी त्यांना वाचून दाखवावीत, एवढीच विनंती.