एक ठेका, अनेक गीते

शब्द नवे, पण चाल जुनी असेल तर ती रचना उसनी ठरते काय? भजनी मंडळींवर हा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम दूरचे उदाहरण पाहू. जमैका बेटावर बास गिटार व ड्रम यांच्या ठरावीक वादनाला 'रिडिम' म्हणतात. एकाच रिडिमवर निरनिराळे गायक आपापले शब्द बसवितात. 'माय कॉन्व्हर्सेशन' (१९६८) या गीताच्या वादनावर रूपी एडवर्ड्स या निर्मात्याने १९७४ मध्ये 'यामाहा स्कँक' ही संपूर्ण तबकडी काढली. पुढे रेगे शैलीत ख्रिस्ती भक्तिगीते गाणाऱ्यांनीही हीच रीत उचलली. ठेका एक, साक्ष मात्र प्रत्येकाची स्वतःची! मूळ वादकांना श्रेय व मोबदला मिळत नाही, ही तक्रारही तेथे जुनीच आहे.

आता आपल्या अंगणात येऊ. पुसेगाव ज्या हिंगोली जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. मोठ्या अभंगाच्या चरणांत सहा, सहा, सहा व चार अक्षरे असतात. लहान अभंगात बहुधा आठ-आठ. एखादे अक्षर कमी-अधिक झाले तरी गाणारा ते ओढून वा आवरून घेतो. म्हणूनच आठ मात्रांच्या भजनी ठेक्यावर एक चाल धरली, की तीत नामदेवांचाही अभंग बसतो आणि तुकोबांचाही. जमैकेत वादन सामाईक असते. आपल्याकडे ठेका, छंद आणि पुष्कळदा चालही सामाईक असते. म्हणून तर निरक्षर वारकरीही पहिल्याच ओळीला टाळ धरू शकतो.

हे दार इतरांनाही मोकळे राहिले. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग लिहिले, कीर्तनाचा अंगीकार केला. धर्म बदलला, पण छंद सोडावा असे त्यांना वाटले नाही. याउलट, गुरू ग्रंथ साहिबातील नामदेवांची ६१ पदे शीख परंपरेत रागांत गायिली जातात. म्हणजे तेथे शब्द नामदेवांचे, संगीत निराळे.

मग चित्रपटगीताच्या चालीवरील भजनाचे काय? चाल बाहेरून आली एवढ्यानेच ते त्याज्य ठरू नये. पण ऐकताना मूळ गीतच आठवत राहिले आणि अभंगाचा अर्थ मागे पडला, तर ती चाल फसली असे म्हणावे. कसोटी ही की, चालीने शब्दांपुढे नमते घेतले पाहिजे.

खरी चिंता वेगळीच आहे. सामाईक धन कोणाचेच नसल्यासारखे हरवते. गावोगावच्या जुन्या चाली वृद्ध भजन्यांच्या कंठातच आहेत. त्या लिपीत सर्वस्वी उतरत नाहीत. आपण विद्यार्थ्यांनी सुट्टीत आपल्या गावच्या मंडळात बसून एक तरी चाल शिकावी आणि ती कोणाकडून शिकलो, हे नावानिशी नोंदवून ठेवावे. उसने घेतलेल्याचे ऋण फेडण्याचा हाच सरळ मार्ग आहे.