शतपावली

गावच्या पारावर म्हातारी मंडळी बसलेली असतात. व्यायामाची गोष्ट काढली की कोणीतरी म्हणतेच, "गुरुजी, जन्मभर नांगर धरला. आता या वयात व्यायाम कशाला?"

म्हणणे खोटे नाही. पण नांगर आता मुलाच्या हाती गेला. बांधावर ट्रॅक्टर आला. अंगमेहनत सुटली, भाकरी मात्र तेवढीच राहिली. ज्यांना साखरेचा आजार, म्हणजे मधुमेह आहे, त्यांना हे बसून राहणे महागात पडते.

असे का? आपण भाकरी खातो, भात खातो. पोटात त्याची साखर होते व ती रक्तात मिसळते. इन्सुलिन नावाचा रस ती साखर अंगाच्या कामी लावतो. मधुमेहात हा रस कमी पडतो, किंवा त्याचा गुण नीट येत नाही. मग साखर रक्तातच साचते. पण आपण चालू लागलो की मांड्यांचे व पोटऱ्यांचे स्नायू ती साखर ओढून घेतात आणि जाळतात. चुलीत सरपण जळावे तशी.

जेवणानंतर रक्तातली साखर वाढते. म्हणून चालण्याची चांगली वेळ जेवणानंतरचीच. आपल्याकडे शतपावलीची चाल जुनी आहे. पण शंभर पावलांना मिनिट-दीड मिनिट लागते. तेवढ्याने भागत नाही. प्रत्येक जेवणानंतर 10 मिनिटे चालावे. तीन वेळा मिळून 30 मिनिटे झाली. आठवड्यात पाच दिवस असे चाललो की 150 मिनिटे भरतात. डॉक्टर तेवढेच सांगतात. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत वेग पुरे. सवय नसेल तर 5 मिनिटांपासून सुरुवात करावी. चालण्याचा गुण एक-दोन दिवसच टिकतो. म्हणून लागोपाठ दोन दिवसांहून जास्त खाडा करू नये.

आठवड्यातून दोन-तीन दिवस आणखी दोन गोष्टी कराव्यात. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. तिच्यावर बसावे व उठावे. असे 8-10 वेळा करावे. मग भिंतीला हात धरून टाचा उचलाव्यात व सावकाश खाली टेकाव्यात. मांड्यांत बळ राहते, तोल जात नाही. श्वास मात्र रोखू नये.

आता जपायचे काय, ते नीट वाचा.

पहिले, पाय. या आजारात पाय बधिर होतात. काटा मोडला तरी कळत नाही. जखम चिघळते आणि कधी पाय कापायची पाळी येते. म्हणून अनवाणी चालू नये. वहाण झटकून घालावी. देवळात वहाण काढावी लागते. तेथे तापलेल्या फरशीवर पाय ठेवू नये. रोज रात्री तळवे पाहावेत. दिसत नसेल तर नातवाला पाहायला सांगावे.

दुसरे, साखर उतरणे. जे इन्सुलिन घेतात, किंवा काही गोळ्या घेतात, त्यांची साखर एकदम उतरू शकते. एकादशीचा उपास, वर गोळी, वर चालणे, हे तर फारच धोक्याचे. उपासाआधी डॉक्टरांना विचारावे. दरदरून घाम आला, हात कापू लागले, भोवळ आली, तर लगेच खाली बसावे. तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी. 15 मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच घ्यावी. मग थोडे खावे. चालायला जाताना साखरेची पुडी खिशात असावी. साखरेच्या रोग्याने साखर जवळ बाळगायची, याचे हसू येईल. पण त्या घडीला तेच औषध आहे. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काही घालू नये. तडक दवाखान्यात न्यावे.

तिसरे, छातीत दुखले किंवा फार धाप लागली तर थांबावे व दवाखाना गाठावा. ताप किंवा उलटी असेल त्या दिवशी चालू नये. डोळ्यांच्या पडद्याला इजा असेल तर ओझे उचलू नये.

चालणे सुरू करण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून घ्यावे. आशाताई माहिती सांगतील. चालू लागलो म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

आपण रोज चाललो तर आपल्या पायांवर उभे राहू. घरच्यांचा भार हलका होईल. आजच्या जेवणानंतर दहा मिनिटे चालून पाहा. शेजारच्या काकांनाही हाक मारा.

सांगा पाहू :
1. जेवणानंतर चालल्याने काय होते?
2. खिशात साखर का ठेवावी?
3. रोज रात्री तळवे का पाहावेत?