आधी दाब, मग गाळणी

चाकांवरचं न्हाणीघर मुंबईच्या उपनगरांना नवं नाही. गोरेगावच्या चित्रनगरीत, अंधेरीतल्या स्टुडिओंबाहेर, मढच्या बंगल्यांपाशी व्हॅनिटी व्हॅनच्या रांगा उभ्या असतात. हिंदी चित्रपटसृष्टीत ही गाडी नव्वदच्या दशकात पूनम धिल्लों यांनी रुळवली असं सांगितलं जातं. २०२१ मध्ये राज्य शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि आता बोरिवली-मुलुंडच्या एखाद्या सोसायटीच्या आवारातही भाड्याचं नाहीतर हौसेने बांधून घेतलेलं मोटरहोम दिसतं. अशी गाडी घेणारा बिछाना, एसी, बॅटरी, छतावरची सौर पाटी यांची खोदून चौकशी करतो. पाण्याबद्दल मात्र टाकी किती लिटरची, एवढंच विचारतो. फार तर एक महागडी गाळणी बसवून घेतो आणि विषय संपला असं समजतो. माझं म्हणणं असं की गाडीतल्या पाण्याचं बरंवाईट गाळणीच्या किमतीवर ठरत नाही, ते क्रमावर ठरतं. आधी दाब आवरायचा, मग गाळ अडवायचा, आणि क्लोरीन काढायचा असेल तर अगदी शेवटच्या नळाशी काढायचा. हा क्रम उलटला की चांगली उपकरणंही एकमेकांचं नुकसान करतात.

उपनगरातल्या इमारतीची पाण्याची व्यवस्था आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातलं साधं गणित डोळ्यांआड होतं. पालिकेचं पाणी ठरावीक वेळेला येतं, जमिनीखालच्या टाकीत साठतं, पंप ते गच्चीवर चढवतो आणि तिथून ते दिवसभर उतरत राहतं. दहा मीटर उंचीचं पाणी तळाशी साधारण एक किलोचा दाब देतं. हा किलो दर चौरस सेंटिमीटरमागचा. मजला तीन मीटरचा धरला तर जुन्या सात मजली इमारतीत तळाच्या नळावर दोन-सव्वादोन किलो दाब येतो. बावीस मजली टॉवरमध्ये, वाटेत कुठे दाब तोडलेला नसेल तर, तो साडेसहा-सात किलोपर्यंत जातो. एकाच इमारतीत वरच्या मजल्यावरचे लोक शॉवरला धार नाही म्हणून बूस्टर पंप लावतात आणि खाली गाड्या धुणाऱ्याच्या हातातून पाइप निसटतो, त्याचं कारण हेच. आणि गाडी नेमकी खालीच उभी राहते. वरच्या पाण्याचं सगळं वजन अंगावर घेणारा नळ तिच्या वाट्याला येतो.

गाडीतली नळजोडणी मात्र कमी दाबाच्या हिशेबाने केलेली असते. तिथला बारा व्होल्टचा छोटा पंप साधारण तीन किलोच्या आसपास आपोआप थांबतो. त्याच्या पुढच्या प्लास्टिकच्या नळ्या, दाबून बसवायचे जोड, फ्लशची चावी हे सगळं तेवढ्याच दाबाची अपेक्षा ठेवून निवडलेलं असतं. घरचा साठवणीचा गिझर घेतानासुद्धा खोक्यावर ‘८ बार, उंच इमारतींसाठी’ असं छापलेलं आपण वाचतो, आणि बार म्हणजे जवळपास हाच किलो. टॉवरच्या पाण्याला वेगळी ताकद लागते हे बाजाराला पुरतं ठाऊक आहे. मग गाडीसाठीच ते ठाऊक नसल्यासारखं का वागायचं?

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो वाजवी आहे. परदेशातल्या कॅरॅव्हॅन-तळांवर गाडी थेट नळाला जोडतात. आपल्याकडे बहुतेक जण फक्त टाकी भरतात. टाकीला हवेची वाट असते, तिच्यात दाब साचत नाही, मग दाब आवरणारा रेग्युलेटर कशाला? टाकीपुरतं हे खरंच आहे. पण नळ आणि टाकी यांच्यामध्ये पाइप आहे, बऱ्याचदा त्या पाइपावर गाळणीचं प्लास्टिकचं भांडं आहे, आणि टोकाला बंद करता येणारं नोझल किंवा टाकीतला बॉल कॉक आहे. टाकी भरून बॉल कॉक मिटला की मागची अख्खी वाट बंदिस्त होते आणि गच्चीवरच्या टाकीचा पूर्ण दाब त्या भांड्यावर येऊन बसतो. शिवाय हल्ली काही गाड्यांना थेट जोडणीचं तोंडही दिलेलं असतं. तोंड दिसलं की कोणीतरी त्याला पाइप लावणारच. मुंबईत रिकामं सॉकेट दिसलं की चार्जर लागतो तसंच ते. तिथे मात्र रेग्युलेटरशिवाय जोडणं म्हणजे गाडीच्या प्रत्येक जोडाची रात्रभर परीक्षा घेणं.

दुसरा आक्षेप प्लंबरकडून येतो आणि मला तो जास्त धोक्याचा वाटतो, कारण तो अनुभवाच्या सुरात सांगितला जातो: कॉक अर्धाच फिरवा, प्रेशर आपोआप कमी होतं. होतं ते फक्त पाणी वाहत असताना. अरुंद वाटेतून जाताना दाब खर्ची पडतो, म्हणून पुढची धार मऊ लागते. वाहणं थांबलं की तो खर्चही थांबतो, आणि थोड्याच वेळात कॉकच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब सारखा होतो. अर्धा मिटलेला कॉक धार कमी करतो, दाब कमी करत नाही. रात्री दोन-तीन वाजता इमारतीतला एकही नळ चालू नसतो, तेव्हा हा उभा दाब सर्वांत जास्त असतो. जोड सुटायचाच असला तर तो संध्याकाळी सगळे जागे असताना सुटत नाही, त्याची वेळ ही. रेग्युलेटर, ज्याला प्लंबर पीआरव्ही म्हणतात, वेगळ्या रीतीने काम करतो. आत स्प्रिंग आणि पडदा असतो. पुढचा दाब ठरलेल्या आकड्याला पोहोचला की पडदा वाट मिटवतो आणि पाणी थांबलेलं असतानाही ती मिटलेली ठेवतो. कॉक आणि रेग्युलेटर यांच्यातला फरक एवढाच आहे, पण सगळं त्याच्यावर अवलंबून आहे.

रेग्युलेटर लावला की पाणी टिपूस येतं, ही तक्रार खोटी नाही. बोटभर लांबीचे, एकाच आकड्यावर बांधलेले स्वस्त रेग्युलेटर वाट इतकी अरुंद करतात की बादली भरायला कंटाळा यावा. फिरवून दाब ठरवता येणारा, काटा असलेला पितळी रेग्युलेटर घेतला आणि तो अडीच ते तीन किलोवर ठेवला, तर धारही पुरेशी मिळते. घेतल्यावर एक चाचणी जरूर करावी: पुढचे सगळे नळ बंद ठेवायचे आणि दहा-पंधरा मिनिटं काट्याकडे पाहायचं. काटा हळूहळू वर सरकत असेल तर आतली बैठक नीट बसत नाही, मग तो रेग्युलेटर असून नसल्यासारखाच. असं बहुधा वाळूच्या एखाद्या कणाने होतं. म्हणूनच रेग्युलेटरच्या आधी बारीक तारेची जाळी हवी. गाळणी मात्र नंतरच. ‘गाळणीच आधी लावली तर रेग्युलेटर आपोआप जपला जाईल’ हे ऐकायला पटतं, पण त्याने सगळ्यात नाजूक वस्तू सगळ्यात जास्त दाबाखाली जाते. कण अडवायला जाळी पुरते, आणि पितळी जाळी सात किलोला डगमगत नाही. रेग्युलेटर गाडीच्या टोकाला न लावता नळाच्या टोकाला लावावा, म्हणजे मधला पाइपही त्याच्या आश्रयाला येतो.

दाब आवरला तरी पाणी कुठलं, हा प्रश्न उरतोच. नव्या टॉवरच्या आवारातला नळ पिण्याच्या पाण्याचा असेल असं समजणं ही उपनगरातली नवी चूक आहे. अनेक ठिकाणी बाग आणि फ्लश यांसाठी बोअरवेलचं किंवा सांडपाणी शुद्ध करून मिळालेलं पाणी वेगळ्या टाकीतून फिरतं, आणि बागेचा नळ त्याच टाकीचा असतो. वॉचमनला ‘नळ कुठे आहे?’ असं विचारलं तर तो जवळचा नळ दाखवणार. ‘पिण्याच्या टाकीचा नळ कुठला?’ असं विचारावं लागतं. खात्रीसाठी टीडीएस मीटर उपयोगी पडतो. तलावाचं पाणी साधारण शंभराच्या आसपास किंवा त्याखाली आकडा दाखवतं, बोअरवेलचं कित्येक पट वर जातं. मात्र हा मीटर फक्त विरघळलेले क्षार मोजतो, जंतू मोजत नाही, हे विसरू नये. पालिकेच्या लाइनीवरच थेट नळ मिळाला तर दाबाची चिंता कमी, पण चावीवाल्याने पाणी सोडल्यावरची पहिली काही मिनिटं पाणी वाहू द्यावं. रिकाम्या पडलेल्या लाइनीत जे काही शिरलेलं असतं ते त्या पहिल्या पाण्याबरोबर येतं.

आता मुंबईचं पाणी उत्तम असताना गाळणी हवी कशाला, हा प्रश्न. उत्तम आहे यात वाद नाही. बोरिवलीच्या जंगलातले विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे जुने तलाव आज शहराचा लहानसा वाटा उचलतात. बाकीचं पाणी तानसा, वैतरणा आणि भातसा यांचं, भांडुप आणि पांजरापूरला शुद्ध होऊन येणारं. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने भारतीय मानक ब्यूरोच्या तपासणीचे निकाल जाहीर केले, त्यात मुंबईच्या नळांचे दहाही नमुने उतरले. पण ते नमुने नळाचे होते, उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीचे नव्हते. नळापर्यंत पाणी सुरक्षित राहतं ते त्यातल्या उरल्यासुरल्या क्लोरीनमुळे. पिण्याच्या पाण्याच्या मानकात तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा असं म्हटलं आहे. कार्बनची गाळणी पहिल्या फटक्यात हाच क्लोरीन काढून घेते. ती टाकीच्या आधी लावणारा माणूस चव सुधारतो आणि पहारेकऱ्याला दारातूनच परत पाठवतो. मग मे महिन्यात तापलेल्या टाकीत दोन-चार दिवसांत काय वाढेल त्याला कोण आवरणार? म्हणून टाकीच्या आधी फक्त गाळ अडवणारी, पाच मायक्रॉनची साधी गाळणी लावावी. टाकीत क्लोरीनसकट पाणी राहू द्यावं, आणि कार्बन फक्त स्वयंपाकाच्या नळाखाली ठेवावा. वास येतो म्हणून नाक मुरडणाऱ्यांना तेवढं पुरतं. व्हॅनिटी व्हॅनवाले म्हणतील की आमच्याकडे प्यायला बाटलीबंद पाणीच असतं. असेल, पण मेकअप उतरवताना डोळ्यांत जातं ते टाकीचंच.

घरी आरओ आहे म्हणून गाडीतही आरओ हवा, हा हट्ट मला सर्वांत महागडा वाटतो. घरगुती आरओ एक लिटर देताना सहज तीन लिटर सोडून देतो. दीडशे लिटरच्या टाकीवर हा व्यवहार म्हणजे रस्त्यावर पाणी ओतायला गाडी घेणं. ज्या क्षारांसाठी तो असतो ते तलावाच्या पाण्यात मुळात थोडे आहेत. भारतीय मानकात टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा ५०० आहे, आणि राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये त्याखालच्या पाण्यासाठी आरओला मनाईच करायला सांगितलं होतं. आरओची बाजू घ्यायची तर ती उपनगराबाहेर घ्यावी. अकोला-बुलढाण्याकडच्या खारपाणपट्ट्यातलं विहिरीचं पाणी गाडीत भरलं तर कार्बन आणि पाच मायक्रॉन दोन्ही हात टेकतात. विरघळलेलं मीठ त्यांच्यातून खुशाल पार होतं. पण तिकडच्या एका फेरीसाठी गाडीला कायमचा आरओ बसवण्यापेक्षा प्यायचं पाणी मुलुंडहूनच दोन कॅनमध्ये न्यावं, असं माझं मत आहे.

शेवटी उभ्या गाडीबद्दल, कारण ही गाडी चालते त्याहून कितीतरी जास्त दिवस उभीच असते. पावसाळ्याचे चार महिने सोसायटीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली असलेल्या गाडीतली ओली कार्बन गाळणी ही जंतूंची धर्मशाळा होते. सहलीहून आल्यावर टाकी उपसावी, दोन्ही गाळण्यांची काडतुसं काढावीत, कार्बनचं टाकूनच द्यावं आणि भांडी उघडी सुकवावीत. पुन्हा निघण्याआधी, काडतुसं बसवण्यापूर्वी, दोनशे लिटरच्या भरल्या टाकीत पाच टक्क्यांचं, बिनवासाचं सोडियम हायपोक्लोराइट दोनशे मिलिलिटर घालावं. त्याने लिटरला पन्नास मिलिग्रॅम क्लोरीन होतो. प्रत्येक नळ वास येईपर्यंत सोडावा, चार-पाच तास थांबावं, सगळं ओतून द्यावं आणि वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवावं. टाकी भरायचा पाइप वेगळा, पांढरा, पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेला असावा; बागेच्या हिरव्या पाइपाला उन्हात जो वास येतो तो पाण्यातही उतरतो. त्याची दोन्ही टोकं एकमेकांत अडकवून ठेवली तर झुरळं आत शिरत नाहीत.