वजन उतरविण्याचे औषध आणि रोग्याचा हक्क

वजन उतरविण्याच्या औषधाने अपाय झाला, की ‘नशीब’ म्हणून गप्प बसण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हांस ती मान्य नाही. ‘सिब्युट्रामिन’ हे असेच एक औषध. हृदयास धोका दिसून आल्याने भारत सरकारने २०११ साली त्यावर बंदी घातली. तात्पर्य, दुकानात राजरोस मिळते म्हणून औषध निर्धोक ठरत नाही.

फी घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. २०१९ च्या कायद्याने वापराच्या पुरेशा सूचना न देणाऱ्या उत्पादकासही भरपाईस जबाबदार धरले. त्याने डॉक्टरांस रीतसर सावध केले असल्यास तो सुटू शकतो. मग डॉक्टरांनी रोग्यास काय सांगितले, हा प्रश्न उरतो.

तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते. कमरीपेठेतील रहिवाशांसाठी धारवाडचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. वकील दिलाच पाहिजे असे नाही. मुदत दोन वर्षांची.

मात्र पुराव्यावाचून खरी तक्रारही लंगडी पडते. म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी, दुकानाची पावती, औषधाचे वेष्टन व तपासणीचे कागद समाजबांधवांनी जपून ठेवावेत, ही आमची विनंती.