बिडी सोडल्यानंतरची उदासी आणि उडालेली झोप

बिडी सोडल्यावर पहिल्या काही दिवसांत मन उदास होते, चिडचिड वाढते आणि रात्री झोप मोडते. ही निकोटिन तुटल्याची लक्षणे आहेत. शरीराला बिडी मानवत होती आणि ती सोडल्यामुळे बिघाड झाला, असा अर्थ त्यातून निघत नाही. सालेकसा तालुक्यात दरेकसासारख्या जंगलपट्ट्यात मात्र हा समज चिवट आहे. उन्हाळ्यात आपल्याच हाताने तोडलेला तेंदूपत्ता फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, जातो आणि तोच पुढे बिडीचे पान होतो. त्यामुळे बिडी घरची वाटते, सिगारेटपेक्षा सौम्यही वाटते. प्रत्यक्षात ती विझू नये म्हणून झुरके वारंवार आणि जोरात ओढावे लागतात. निकोटिन, टार आणि कार्बन मोनॉक्साइड यांपैकी काहीच फुप्फुसाला कमी मिळत नाही.

झुरक्यातले निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोहोचते आणि साधारण दोन तासांत रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. मग तगमग सुरू होते. पुढची बिडी ती शमवते आणि ओढणाऱ्याला वाटते, बिडीने मन शांत केले. ती तगमग आधीच्या बिडीनेच लावलेली असते. सोडल्यानंतर त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि बहुतेकांत 2 ते 4 आठवड्यांत ओसरतो. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 2014 साली 26 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. धूम्रपान सोडलेल्यांची चिंता आणि उदासी पुढे कमी झालेली त्यात दिसली.

दवाखान्यात येणारा नेहमीचा रुग्ण हे दोन-चार आठवडे थांबत नाही. चौथ्या रात्री घरातलेच कोणी सांगते, एक ओढून घे, झोप लागेल. तो बिडीला हात लावत नाही, पण खर्रा धरतो आणि अभिमानाने सांगतो, “बिडी सोडली जी, आता फक्त खर्रा.” खर्ऱ्यातही तंबाखूच आहे. निकोटिन चालूच राहते, शिवाय तोंडाच्या कर्करोगाची वाट मोकळी होते. झोपेसाठी मोहाची दारू घेतली, तर डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते, उदासी वाढते आणि निश्चयही ढिला पडतो. झोलाछाप डॉक्टरने दिलेली अल्प्राझोलामची गोळी तर स्वतःच सवय लावते. मोबाइलवर विकल्या जाणाऱ्या, ‘न सांगता जेवणात मिसळा’ म्हणणाऱ्या व्यसनमुक्ती पावडरीत काय आहे, हे खाणाऱ्याला माहीत नसते आणि खाऊ घालणाऱ्यालाही नसते. ती कोणी घेऊ नये, कोणाला देऊही नये.

चहाचा दोष मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. धुरातील काही घटकांमुळे यकृत कॅफीन झपाट्याने मोडते. धूर थांबला की हा वेग मंदावतो आणि तेवढ्याच चहातून कॅफीनचे रक्तातील प्रमाण जवळपास दुप्पट होऊ शकते. म्हणून बिडी सोडताना चहा निम्मा करावा आणि दुपारनंतर टाळावा. दम्यासाठी थिओफायलिनची गोळी चालू असलेल्यांनी तर डॉक्टरांना बिडी सोडल्याचे सांगायलाच हवे. तेच औषध त्याच मात्रेत आता जास्त पडते. धडधड, मळमळ आणि निद्रानाश त्यामुळेही होतो. काही मानसिक आजारांच्या औषधांनाही, विशेषतः क्लोझापिन आणि ओलान्झापिनला, हे लागू आहे. मात्रा स्वतःहून बदलू नये.

बाकी उपाय साधे आहेत. उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी, दिवसा झोपू नये, सकाळी उजेडात चालावे. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडण्यापेक्षा उठून बसावे. तलफ काही मिनिटांत उतरते, तेवढा वेळ हात कामात ठेवावेत. तलफेसाठी निकोटिन गम घेत असाल तर तो सुपारीसारखा सतत चघळू नये. थोडा चावून गालात धरावा, चव गेली की पुन्हा चावावा. निकोटिन पॅच लावत असाल आणि त्यामुळे भडक स्वप्ने पडत असतील तर झोपताना तो काढता येतो. 1800-11-2356 या राष्ट्रीय क्विटलाइनवर मोफत समुपदेशन मिळते.

सुरुवातीला खोकला वाढला म्हणून घाबरू नये. फुप्फुसे साफ होतानाही तो वाढतो. पण दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर क्षयाची थुंकी तपासणी करावी. थुंकीत रक्त किंवा छातीत दुखणे असेल तर एक दिवसही वाट पाहू नये. उदासी दोन आठवडे दिवसभर टिकली, जेवण-काम सुटले, पूर्वी नैराश्याचा आजार होऊन गेला असेल, किंवा उलट झोप न घेताही माणूस अतिउत्साहात बडबडत असेल, तर तो निकोटिन तुटण्याचा साधा त्रास समजू नये. डॉक्टरांना दाखवावे. जीव नकोसा वाटतो असे कोणी बोलले, तर त्याला एकटे सोडू नये. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, तिथे फोन करावा आणि त्याच दिवशी त्याला रुग्णालयात न्यावे.