होडीच्या मोटारीची धार आटली तर



2019 च्या सप्टेंबर महिन्यात सरदार सरोवर प्रथमच 138.68 मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले आणि जुने निसरपुर पाण्याखाली गेले. नर्मदाकाठच्या कित्येक शेतांचे त्या वेळी टापू झाले. जेथे बैलगाडीची वाट होती तेथे होडी आली, आणि होडीला मागून लावायची मोटार आली. अशा मोटारी बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या हाताने घेतलेल्या जुन्या असतात. बैलाला पाणी पाजायचे आपण कधी विसरत नाही. या मोटारीला मात्र पाणी मिळते की नाही याकडे कोणी पाहत नाही.

गेल्या पावसाळ्यात आम्ही एका आजारी आजींना पवित्र कम्युनियन देण्यासाठी अशाच होडीतून निघालो होतो. मध्यावर मोटार तापून बंद पडली. नावाड्याने घाईघाईने बादलीभर गार पाणी तिच्यावर ओतले. टच्च असा आवाज झाला. सिलिंडरच्या डोक्याला तडा गेला होता. पुढचे सर्व अंतर आम्ही आळीपाळीने वल्हे मारीत तोडले. दिवेलागणीला पोहोचलो तेव्हा आजी शुद्धीवर नव्हत्या. कम्युनियन देता आले नाही, तैलाभ्यंग तेवढा झाला. नावाड्याला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. त्या वेळी आम्हालाही अधिक काही ठाऊक नव्हते. नंतर मोटार खोलून पाहिली, जाणत्या कारागिराला विचारले, आणि जे शिकलो ते येथे देत आहोत.

शेतावरच्या डिझेल पंपाचे इंजिन आपल्या परिचयाचे आहे. पंपाच्या पाण्यातूनच एक बारीक नळी इंजिनाकडे जाते आणि गरम झालेले पाणी बाहेर पडते. त्या धारेखाली हात धरून इंजिनाची तब्येत आपण ओळखतो. होडीच्या मोटारीतही हेच तत्त्व आहे. तिच्या खालच्या पायाला, पंख्याच्या वरच्या बाजूस, जाळीची भोके असतात. तेथून पाणी आत शिरते. पायाच्या आत एक छोटा पंप असतो आणि त्यात रबरी पात्यांचा इंपेलर फिरतो. तो पाणी नळीने वर ढकलतो, ते सिलिंडरभोवती खेळते आणि धुराबरोबर खाली निघून जाते. त्यातली थोडी धार बाजूच्या बारीक भोकातून बाहेर उडते. मोटार सुरू केल्याबरोबर प्रथम ही धार पाहावी. जुन्या मोटारींना धोक्याची घंटा बहुधा नसते, म्हणून ही धारच घंटा समजावी.

धार दिसली नाही तर मोटार लगेच बंद करावी. नंतर एक बारीक तार घेऊन त्या भोकात हळूच फिरवावी. पुष्कळदा मातीचा खडा किंवा कुंभारमाशीचे घर एवढेच कारण निघते. मग मोटार वर उचलून खालची जाळी तपासावी. सरोवराच्या पाण्यात गाळ, गवत आणि प्लास्टिकच्या पिशव्या काही कमी नाहीत. एक पिशवी जाळीला चिकटली की मोटारीचा घसा बंद.

जाळी आणि भोक दोन्ही स्वच्छ असून धार नाही, किंवा मोटार सावकाश चालताना धार मेली आणि वेग वाढवताच उठली, तर संशय इंपेलरवर घ्यावा. याचे कारण समजण्यासारखे आहे. सावकाश चालताना रबरी पाती पंपाच्या भिंतीला घासून पाणी पुढे लोटतात. वेगात ती आत दुमडतात आणि पाणी नुसत्या फिरण्याच्या जोराने फेकले जाते. म्हणून झिजलेली पाती वेगात कसेबसे काम करतात, सावकाश चालताना त्यांचे पितळ उघडे पडते.

इंपेलर बदलणे घरी जमते, पण घाई नको. गिअरची दांडी सोडवावी, पायाचे बोल्ट काढावे आणि पाय सरळ खाली ओढावा. पंपाचे झाकण उघडले की इंपेलर दिसतो. त्याखालची लहानशी लोखंडी चावी हरवू नये, ती नसली तर दांडा फिरतो आणि इंपेलर जागीच राहतो. पाती कडक, वाकडी किंवा तडकलेली असली तर नवा इंपेलर घालावा. एखादे पाते तुटलेले असेल तर तो तुकडा शोधलाच पाहिजे. तो वरच्या नळीत अडकून नव्या इंपेलरलाही उपाशी ठेवतो. झाकण बसवताना मोटार ज्या दिशेने चालते त्याच दिशेने दांडा हाताने फिरवावा, म्हणजे पाती योग्य बाजूला वळतात. पाय वर चढवताना पाण्याची नळी तिच्या रबरात नीट बसली की नाही हे बोटाने चाचपावे. आमची पहिली खेप येथेच वाया गेली.

धार चांगली आणि तरीही मोटार तापते, हा प्रकार फसवा आहे. काही मोटारींत धारेची वाट थर्मोस्टॅटच्या आधीच फुटते, त्यामुळे वरचे पाणी अडले तरी धार उडतच राहते. थर्मोस्टॅट काढून दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात लोंबता ठेवावा आणि पाणी तापवावे. साधारण 50 ते 60 अंशांच्या आसपास तो उघडू लागतो. पाणी उकळेपर्यंत मिटलेलाच राहिला तर तो निकामी. तो काढून टाकून मोटार तशीच चालवण्याचा सल्ला कोणी देईल. तात्पुरते ठीक, पण मग मोटार थंडच राहते, तेल नीट जळत नाही आणि प्लग काळे होतात. थर्मोस्टॅट चांगला निघाला तर सिलिंडरभोवतीच्या वाटा गाळाने बुजल्या असतील, त्या धुऊन काढाव्या लागतात.

फक्त वेगात तापत असेल तर मोटार होडीवर फार उंच बसवलेली आहे का ते पाहावे. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या साधारण पातळीत असावी, नाहीतर जाळी पाण्याबरोबर हवाही ओढते.

मोटार कोरडी कधीही चालवू नये. अंगणात नुसती सुरू करून दाखवण्याची हौस पुष्कळांना असते. पाण्यावाचून रबर काही क्षणांतच जळू लागते. तपासायची असेल तर पिंपात जाळी बुडेल इतके पाणी भरून त्यात पाय सोडावा. आणि तापलेल्या मोटारीवर गार पाणी ओतू नये. ती बंद करावी, टोपण काढून ठेवावे आणि आपली आपण निवू द्यावी. तोवर वल्हे हाती घ्यावे. वल्हे आणि प्रत्येकासाठी तरंगते जाकीट होडीत नसेल तर निघूच नये.

आता आरोग्याचे. टाकीतून पेट्रोल किंवा रॉकेल काढताना नळी तोंडाने ओढण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. ते पोटापेक्षा फुप्फुसात गेले तर अधिक घातक, एका घोटानेही न्युमोनिया होऊ शकतो. हातपंपाची नळी वापरावी. तरी कोणी गिळलेच तर त्याला उलटी करवू नये, कारण वर येताना तेच तेल श्वासात उतरते. खोकला किंवा धाप लागण्याची वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्यावे, आणि कोणते तेल होते ते डॉक्टरांना सांगावे.