बेलफास्टची मुले, डब्लिनचे रुग्णालय
(द्वितीय वर्ष कला)

आमचे गाव चंदगड तालुक्यात, राज्याच्या अगदी कडेला. माझ्या धाकट्या भावाच्या हृदयाला जन्मतः छिद्र होते. वडील त्याला बेळगावला घेऊन गेले, कारण मोठे दवाखाने आम्हाला तेच जवळचे. तिथल्या खिडकीवर पहिला प्रश्न आला, "कागद कुठल्या राज्याचे?" पुढे ऑपरेशन झाले, भाऊ आता शाळेत जातो; पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. यंदा राज्यशास्त्राचा अभ्यास करताना आयर्लंडची हकीकत वाचनात आली. ती येथे थोडक्यात मांडीत आहे.

१९२१ साली आयर्लंडची फाळणी झाली. उत्तरेकडील सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. त्यांची राजधानी बेलफास्ट. दक्षिणेकडील देश स्वतंत्र झाला. त्याची राजधानी डब्लिन. पुढे उत्तरेत सुमारे तीस वर्षे हिंसाचार चालला, साडेतीन हजार माणसे बळी पडली. अखेर १० एप्रिल १९९८ रोजी शांतता करार झाला. उत्तर व दक्षिण यांनी मिळून ज्या विषयांत काम करायचे ठरले, त्यांत आरोग्य हाही एक विषय होता.

आता वैद्यकीय बाजू पाहू. शंभर मुलांमागे साधारण एकाच्या हृदयात जन्मतः दोष असतो. सर्वांनाच शस्त्रक्रिया लागत नाही. पण ज्यांना लागते, त्यांची फार नाजूक असते. तान्ह्या बाळाचे हृदय ते केवढे! हे काम रोजच्या सरावानेच हातात बसते. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे अशा शस्त्रक्रियांत मुले दगावली. त्याची चौकशी होऊन २००१ साली अहवाल आला. पुढे तेथे असा दंडक ठरला की, एका केंद्रात निदान चार शल्यचिकित्सक असावेत व प्रत्येकाच्या हातून वर्षाला सुमारे १२५ शस्त्रक्रिया व्हाव्यात. चौघे असले म्हणजे एक रजेवर गेला तरी रात्रीबेरात्री काम अडत नाही.

उत्तर आयर्लंडची लोकसंख्या सुमारे १९ लाख. एवढ्या प्रदेशात इतकी आजारी मुले कोठून येणार? २०१२ च्या तपासणीत निष्कर्ष निघाला की, बेलफास्टची सेवा आज धोक्याची नाही, पण ती फार काळ टिकणार नाही. मग दोन्ही सरकारांनी मिळून अमेरिकेतील बॉस्टनचे डॉ. जॉन मेयर यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांचा गट नेमला. २०१४ साली त्यांनी सांगितले की, साऱ्या बेटासाठी एकच जाळे असावे आणि मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया डब्लिनला व्हाव्यात. बेलफास्टला निदान, औषधोपचार व नंतरची देखरेख राहावी.

बेलफास्टच्या आईबापांनी याला विरोध केला. त्यांचे तरी काय चुकले? अत्यवस्थ बाळाला घेऊन सुमारे १६५ किलोमीटर जायचे, ही साधी गोष्ट नव्हे. तथापि दुसरा मार्ग समुद्रापलीकडचा होता. डब्लिनची व्यवस्था पुरी होईपर्यंत कित्येक मुलांना बर्मिंगहॅमसारख्या इंग्लंडमधील शहरांत न्यावेच लागले. त्या मानाने डब्लिनला मोटारीने जाता येते, आणि आजी-आजोबांनाही भेटायला येता येते.

पुढे ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले, तरी हे जाळे तुटले नाही. मला यातले मर्म असे वाटते की, येथे कोणी आपला झेंडा उतरवला नाही. सीमेचा वाद ज्याचा त्याच्यापाशी राहिला. फक्त कोणत्या मुलाला कोठे न्यायचे, खर्च कोणी करायचा, हे मोठ्यांनी आधीच बसून ठरवले. आजारी मुलाच्या बापाला ते खिडकीवर उभे राहून ठरवावे लागू नये, एवढेच मला या अभ्यासातून कळले.